‘आमच्या’ म्हणजे नेमके कोणाच्या?

भालकीकडच्या एखाद्या गावात ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी दुःखाच्या प्रसंगी गेलात, तर शेवटी एक गोष्ट हमखास घडते. पाळक हात जोडतात, अंगणातले सगळे उठून उभे राहतात आणि एका सुरात एक छोटी प्रार्थना म्हणू लागतात. पुस्तक कोणाच्याच हातात नसते. पाळकांची भाषा कन्नड. उदगीरहून आलेली मावशी तीच प्रार्थना मराठीत म्हणत असते, जहीराबादचे व्याही तेलुगूत. शब्द निरनिराळे, तरी थांबे सगळ्यांचे सारखे. अर्ध्या मिनिटात प्रार्थना शेवटाकडे येते आणि तिथे एक नवल घडते. काही जण ‘आमेन’ म्हणून थांबतात, बाकीचे मात्र आणखी एक वाक्य म्हणत पुढे जातात.

हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या मनात दोन प्रश्न राहून गेले. एक अर्थातच शेवटचा: काही जण मध्येच का थांबले? दुसरा अगदी पहिल्या हाकेचा. मराठीत देवाला ‘आमच्या’ पित्या अशी हाक मारतात. ‘आपल्या’ का नाही? देव सगळ्यांचा असेल तर ‘आपल्या’ हा शब्द जास्त मोकळ्या मनाचा वाटतो. ‘आमच्या’ म्हटले की आतून कडी लावल्यासारखे वाटते.

या दोन प्रश्नांचा माग काढत गेले की ही सगळी प्रार्थना उलगडत जाते. ख्रिस्ती लोक तिला ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणतात, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती येशूने स्वतः शिष्यांना शिकवली. ती समजून घ्यायला बीदर-कलबुर्गीसारखा मुलूख फार सोयीचा आहे. इथे एकाच अंगणात चार भाषा नांदतात आणि एका भाषेत जे झाकलेले राहते ते दुसरीत उघडे पडते.

प्रार्थना आली कुठून?

बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी चार पुस्तके आहेत. त्यांना शुभवर्तमाने म्हणतात. त्यांपैकी मत्तय आणि लूक या दोघांत ही प्रार्थना आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ती डोंगरावरच्या प्रवचनात येते. लोकांनी बघावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका, शब्दांची भाराभर बडबड करू नका, असे आधी बजावून मग येशू हा नमुना देतो. लूकच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ अशी विनंती करतो. लूकचा पाठ आखूड आहे. देवळांत म्हणतात तो मत्तयचा.

येशूची बोली अरामी. शुभवर्तमाने लिहिली गेली ग्रीकमध्ये, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे उदगीरच्या मावशीच्या तोंडी येईपर्यंत या प्रार्थनेने निदान दोनदा तरी वेश बदललेला आहे.

पुढे ती आपल्याकडच्या भाषांत उतरली. गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सची ख्रिस्ती शिकवणुकीची कोकणी पुस्तिका १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, रायतूर येथे छापली गेली. तिच्यात ही प्रार्थना आहे. मराठी नवा करार विल्यम केरीच्या, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या माणसाच्या मराठीत बायबल आणायला आयुष्याची शेवटची वर्षे दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये छापून आले.

या सीमाभागात, निजामाच्या राज्यातल्या बीदरमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथोडिस्ट मिशनरी आले. शहरातल्या मंगलपेठेत आजही मेथोडिस्टांचे देऊळ आहे. कलबुर्गीला, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याला, कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. मधल्या काळात जमिनीवरच्या रेघाही बदलल्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात आले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. जहीराबाद आंध्रात आणि पुढे तेलंगणात गेले. सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. म्हणून एका अंगणात आजही एकच प्रार्थना अनेक भाषांत ऐकू येते.

मायना, मजकूर आणि सही

प्रार्थनेची बांधणी जुन्या पत्रासारखी आहे. आधी मायना: कोणाला लिहितो आहोत. मग मजकूर. शेवटी सही.

मत्तयच्या पाठात मजकुरात सात मागण्या आहेत. पहिल्या तीन ‘तुझे’ या शब्दाभोवती फिरतात: तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. उरलेल्या चार ‘आम्हाला’भोवती: आम्हाला अन्न दे, आमचे ऋण सोड, आम्हाला परीक्षेत नेऊ नकोस, आम्हाला वाईटापासून सोडव. सही म्हणजे ‘आमेन’. हा हिब्रू शब्द आहे. त्याच्या मुळाशी भक्कम असणे, भरवशाचे असणे हा अर्थ आहे. ‘हे खरे आहे आणि तसेच होवो’ असे दोन्ही त्यात येते.

दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. येशूचे स्वतःचे नाव या प्रार्थनेत कुठेही नाही. यहुदी लोकांच्या ‘कद्दीश’ नावाच्या जुन्या अरामी प्रार्थनेतही देवाचे नाव पवित्र होवो आणि त्याचे राज्य येवो हेच आधी मागितले आहे. येशू आपल्या लोकांच्या ओळखीच्या भाषेतच बोलत होता. दुसरी गोष्ट: संपूर्ण प्रार्थनेत ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ यांपैकी एकही शब्द नाही. खोलीत एकट्याने म्हटली तरी ती ‘आम्ही’ अशीच म्हणावी लागते. आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

‘आमच्या’ की ‘आपल्या’?

‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांतला फरक मराठी पोराला कोणी शिकवत नाही, तो आपोआप येतो. ‘आपण’ म्हटले की समोरचा माणूस धरला. ‘आम्ही’ म्हटले की समोरचा सोडून बाकीचे. हा भेद जगातल्या पुष्कळ भाषांत नाही. ग्रीकमध्ये नाही, अरामीत नाही, लॅटिनमध्ये नाही. आजच्या कन्नडमध्येही दोन्हीला एकच ‘नावु’, आणि दोन्हींचे षष्ठीरूप ‘नम्म’. पण तेलुगूत तो स्पष्ट आहे: समोरच्याला सोडून ‘मेमु’, समोरच्याला धरून ‘मनमु’. मराठीतला भेद द्राविड भाषांच्या शेजारातून आला असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे मूळ ग्रीकमध्ये एकच मोघम शब्द होता. मराठी आणि तेलुगू भाषांतरकारांपुढे मात्र दोन वाटा होत्या आणि एक निवडणे भाग होते. दोघांनीही समोरच्याला वगळणारा शब्द निवडला. मराठीत ‘आमच्या’, तेलुगूत ‘मा’.

आता इथे ‘समोरचा’ कोण आहे? प्रार्थना शेजाऱ्याशी चाललेली नाही, ती देवाशी चाललेली आहे. बोलणे ज्याच्याशी, तो समोरचा. देवाला ‘आपल्या पित्या’ म्हटले, तर ‘तुझ्या आणि माझ्या बापा’ असा अर्थ होईल. देवाला बाप कुठला? म्हणून व्याकरणाने ‘आमच्या’ हाच शब्द लागतो. त्यातून वगळला गेलेला एकटा देव आहे, कारण तो पलीकडे आहे. अलीकडे उरलेली सगळी माणसे ‘आमच्या’त आहेत.

मला वाटले होते की या शब्दाने कडी लागते. नीट पाहिल्यावर कळले की ज्या बाजूने कडी लागली असे मी समजत होतो, त्या बाजूला दारच नाही. शेजाऱ्याशी बोलताना ‘आमचे’ हा शब्द कुंपण घालतो. देवाशी बोलताना तोच शब्द बोलणाऱ्याला सगळ्यांच्या रांगेत नेऊन उभा करतो. प्रार्थनेतला प्रत्येक पुढचा ‘आम्हाला’ याच अर्थाने वाचायला हवा.

बाप, पण ‘अहो’ नाही

मराठी घरात आईला ‘ए आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’. आईला ‘तू’, वडिलांना ‘तुम्ही’. या प्रार्थनेत मात्र हाक बापाला आहे आणि सर्वनाम ‘तू’ आहे. मराठी कानाला हे खटकत नाही, कारण देवाला ‘तू’ म्हणण्याची सवय आपल्याला वारकऱ्यांनी लावून ठेवली आहे. विठ्ठल बाप असला तरी माउली आहे, आणि माउलीला ‘अहो’ म्हणत नाहीत.

येशू देवाला ‘अब्बा’ म्हणे अशी नोंद मार्कच्या शुभवर्तमानात आहे. अब्बा हा अरामीतला घरातला शब्द. तो बाळबोबडा नव्हे, मोठी झालेली मुलेही तोच वापरत. आपल्या सीमाभागातल्या ‘अप्पा’चा त्याच्याशी भाषिक संबंध नाही, पण भाव ओळखीचा आहे. ‘अप्पा’ ही हाक दोन वर्षांचे पोरही मारते आणि पन्नाशीतला मुलगाही. तिच्यात लळा आणि आदर दोन्ही असतात. प्रार्थनेत ‘पित्या’ला लागूनच ‘स्वर्गातील’ हा शब्द येतो. पहिला शब्द देवाला उंबऱ्याशी आणतो, दुसरा आठवण करून देतो की तो आपल्या मुठीत मावणारा नाही.

‘बापाचे नाव काढले’

पहिली मागणी देवाचे नाव पवित्र मानले जावे ही आहे. देवाचे नाव आधीच पवित्र असेल, तर ते मागायचे कशाला?

यासाठी ‘पवित्र’ आणि ‘नाव’ हे दोन्ही शब्द उघडून पाहावे लागतात. हिब्रूत पवित्र म्हणजे वेगळे राखलेले. शेतकऱ्याच्या घरात पुढच्या पेऱ्यासाठी टपोरे दाणे निवडून वेगळे ठेवतात. घरात दळण संपले तरी त्यांना हात लावत नाहीत, कारण त्यांच्यावर सगळ्या घराचे पुढचे वर्ष अवलंबून असते. पवित्र म्हणजे असे राखलेले. याचा अर्थ सोवळे नव्हे. या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती ज्या जातींतून आले त्यांना सोवळ्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. सोवळ्यात माणूस बाहेर ठेवला जातो. बियाणे वेगळे ठेवतात ते सगळ्यांना मिळावे म्हणून.

आणि नाव? मराठीत पोराने चांगले काम केले की म्हणतात, ‘बापाचं नाव काढलंस.’ वाईट केले की, ‘बापाचं नाव घालवलंस.’ बाप तोच असतो, पण लेकरांच्या वागण्यावरून गाव बापाला जोखते. देवाला बाप म्हणून हाक मारल्यावर ताबडतोब त्याच्या नावाची गोष्ट निघते ती यामुळे. आमच्या वागण्याने तुझे नाव निघावे, जाऊ नये, ही तिच्यातली एक बाजू. हे काम केवळ आमच्या बळावर होणारे नाही, ते तूच घडवून आण, ही दुसरी.

दुसरी मागणी राज्य येण्याची. बीदरच्या माणसाला राज्य म्हटले की किल्ला आठवतो. बहमनी गेले, बरीदशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल गेले, १९४८ मध्ये निजामशाहीही संपली. पण ग्रीकमधला मूळ शब्द मुलखापेक्षा ‘राज्य करणे’ याकडे जास्त झुकतो. आपण ‘रामराज्य यावे’ म्हणतो तेव्हा नकाशा मागत नाही, कारभाराची रीत मागतो. तसेच इथे आहे. तिसरी मागणी त्याचाच खुलासा करते: स्वर्गात जशी तुझी इच्छा चालते तशी इथे, जमिनीवर चालू दे. ही प्रार्थना माणसाला उचलून वर नेत नाही. वरचे खाली मागते.

भाकर

मग एकदम भाकर येते. नाव, राज्य, इच्छा अशा मोठमोठ्या शब्दांनंतर आजच्या दिवसाचे जेवण.

इथे चार भाषांनी तीन रीती केल्या आहेत. कन्नड बायबल ‘आहार’ म्हणते. तेलुगूही ‘आहारमु’. उर्दूत ‘रोटी’. मराठीने ‘भाकर’ हा शब्द घेतला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. आहार पुस्तकातला वाटतो, भाकर परातीतली. ज्वारीच्या या मुलखात तिचे पीठ गरम पाण्यात मळून, हाताने थापून, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवतात, मग ती निखाऱ्यावर फुगते. मऊ भाकर एखादा दिवस शिळी ठेवता येते, पण साठवता येत नाही. रोजची रोज थापावी लागते.

या ‘रोजच्या’ शब्दातच प्रार्थनेतले सर्वांत मोठे भाषिक कोडे आहे. तिथे ग्रीकमध्ये ‘एपिऊसिऑस’ असा शब्द आहे. तिसऱ्या शतकातला ऑरिजेन हा विद्वान स्वतः ग्रीक बोलणारा. त्याने लिहून ठेवले की हा शब्द इतर कोणत्याही लेखकाकडे किंवा लोकांच्या बोलण्यात सापडत नाही, तो शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. १८८९ मध्ये इजिप्तमधला एक जुना घरखर्चाचा कागद प्रसिद्ध झाला. त्यात तो शब्द सापडला म्हणून आनंद झाला. मग तो कागद गहाळ झाला. शंभरावर वर्षांनी पुन्हा हाती आला तेव्हा नीट वाचून पाहिले, तर तिथे ‘तेल’ या अर्थाचा शब्द होता.

त्यामुळे विद्वान आजही दोन-तीन अर्थ पुढे ठेवतात: आजच्या दिवसाची, येणाऱ्या दिवसाची, किंवा जगायला लागते तेवढी. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस मत्तयमध्ये एक अर्थ घेतला आणि लूकमध्ये दुसरा.

तिन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी आहे: मागणे कोठाराचे नाही. येशूच्या काळचा गालील प्रांतातला मजूर संध्याकाळी दिवसाची मजुरी घेई. त्याचे हातावर पोट होते. बायबलच्या जुन्या करारात वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना ‘मान्ना’ मिळाल्याची कथा आहे. एका दिवसापुरते वेचले तर पुरे, उद्यासाठी साठवले तर त्यात किडे पडत. हातावर पोट असणाऱ्याला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या घरात पोत्यांची थप्पी आहे त्याला ती अवघड वाटते. ‘आम्हाला आजची भाकर दे’ म्हणताना ‘आम्हाला’त ज्याची चूल आज पेटलेली नाही तोही आहे. मग थप्पीतले पोते कोणाचे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न या मातीला नवा नाही. बसवकल्याणच्या शरणांनी बाराव्या शतकात ‘कायक’ म्हणजे श्रम आणि ‘दासोह’ म्हणजे वाटून देणे यांची जोडी लावली. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे नाव दासोहासाठीच घेतात. बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. भाकर मागण्याची आणि वाटण्याची रीत इथे अनेक वाटांनी आलेली आहे.

ऋण

भाकरीला लागूनच ऋणाची मागणी येते. इथेही भाषा वेगळ्या वाटा घेतात. कन्नड पाठात ‘तप्पु’, म्हणजे चूक. मराठीत ‘ऋण’, तेलुगूत ‘ऋणमु’, उर्दूत ‘कर्ज’. कोण बरोबर? सगळेच. अरामीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्जालाही लागतो आणि पापालाही. मत्तयने ग्रीकमध्ये कर्जाचा शब्द घेतला, लूकने पापाचा. मूळ बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही एकत्र होते.

कर्ज हा या मुलखात कोरडा शब्द नाही. निजामाच्या राज्यात कर्जापायी मालकाच्या दारी राबणाऱ्याला ‘भगेला’ म्हणत. त्याबद्दलचा नियम १९३६ मध्ये झाला. वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा यायला १९७६ उजाडले. आजही ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून ‘उचल’ घेते आणि हंगामभर ती फेडत राहते. अशा माणसाला ऋण सुटणे म्हणजे काय, हे शब्दकोशात बघावे लागत नाही. ते मान मोकळी होणे आहे.

आमचे ऋण सोड, जसे आम्ही दुसऱ्यांचे सोडले, अशी ही मागणी आहे. हा सौदा आहे का? मत्तयच्याच अठराव्या अध्यायात येशूने एक दृष्टांत सांगितला. एका चाकरावर राजाचे दहा हजार तलांत कर्ज होते. राजाने ते सगळे सोडले. बाहेर पडताच त्या चाकराने शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तलांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तरी फेडायला दोन लाख वर्षे. दुसरे कर्ज तीन-चार महिन्यांच्या मजुरीचे. एवढी मोठी सोडवणूक झालेल्या माणसाला एवढे थोडे सोडवेना, हे दृष्टांताचे मर्म आहे.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. वरून आलेले पाणी आपल्या रानातून पुढच्याच्या रानात जायला हवे. आपण बांध घालून ते अडवले, तर पुढच्याचे रान सुकते हे खरेच, पण आपली काळी जमीनही चिभडते. पाणी तुंबले की पीक पिवळे पडते. क्षमेचे असेच आहे. पुढे सोडले तरच ती आपल्यात वाहती राहते.

क्षमा म्हणजे ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे नव्हे. कर्ज सोडले की नुकसान कोणीतरी सोसतेच. हे मराठी माणसाला बीदरच्याच एका कथेतून ठाऊक आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली. बीदरच्या दरबारातून पकडून आणण्याचा हुकूम सुटला. तेव्हा, कथा सांगते, विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बीदरला आला, धान्याची पै न् पै मोजून दिली आणि पावती घेतली. भाकर आणि ऋण, दोन्ही एकाच कथेत आहेत. ऋण नाहीसे झाले नाही. ते दुसऱ्याने भरले. ख्रिस्ती माणूस क्षमेबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात येशूबद्दल असेच काहीसे असते.

परीक्षा आणि बिदरी

यानंतरची मागणी लोकांना सर्वांत जास्त अडवते. आम्हाला परीक्षेत नेऊ नकोस, असे बापाला का म्हणायचे? बाप लेकराला खड्ड्यात नेतो का?

ग्रीक ‘पैरास्मॉस’ या शब्दात कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून मराठीत कुठे ‘परीक्षा’ ऐकू येते, कुठे ‘मोह’. देव कोणाला मोहात घालत नाही असे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातच स्पष्ट म्हटले आहे. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही मोहात ढकलणारा बाप हे चित्र बरोबर नाही असे सांगितले. इटलीतल्या कॅथलिकांनी २०२० मध्ये आपल्या पाठातले ते शब्द बदलले.

बिदरीचे काम पाहिलेल्याला कसोटी लवकर समजते. जस्त आणि थोड्या तांब्याच्या ओतीव भांड्यावर कारागीर नक्षी कोरतो, चरांत चांदीची तार ठोकून बसवतो आणि भांडे घासतो. त्या वेळी सगळेच पांढुरके दिसते. चांदी कुठली आणि जस्त कुठले हे पटकन कळत नाही. मग बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात ते घालतात. मिश्रधातू काळाकुळकुळीत होतो, चांदी मात्र शुभ्र राहते. माती चांदी घडवत नाही, आधी होते तेच उघड करते.

ही प्रार्थना म्हणणारा जाणतो की त्या पाण्यात आपण कदाचित काळे पडू. म्हणून तो फुशारकी मारत नाही. मला कसाला लाव, मी टिकतो, असे म्हणत नाही. आम्हाला तिथे नेऊ नकोस, आणि गेलोच तर वाईटाच्या तावडीतून सोडव, असे म्हणतो. ग्रीकमध्ये तिथे ‘वाईट’ असाही अर्थ होतो आणि ‘तो दुष्ट’, म्हणजे सैतान, असाही. इथेही शब्द ‘आम्हाला’ आहे. शेजाऱ्याच्या पडण्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

शेवटी काही आवाज का थांबतात?

आता दुसरा प्रश्न. देवाचे राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ आहे, अशा अर्थाचे एक वाक्य मेथोडिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट शेवटी जोडतात. कॅथलिक ते न म्हणता थांबतात. अंगणातले काही आवाज थांबतात ते यामुळे.

मत्तयच्या सर्वांत जुन्या आणि भरवशाच्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई पोथ्यांत, हे वाक्य नाही. नंतरच्या पुष्कळ ग्रीक पोथ्यांत आहे. प्रॉटेस्टंटांची सुरुवातीची भाषांतरे त्या पोथ्यांवरून झाली. मग ते वाक्य कोणी घुसडले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘दिदाखे’ नावाची फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची मानली जाणारी ही पुस्तिका सांगते की ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी. तिथे प्रार्थनेच्या शेवटी स्तुतीचे असेच, पण थोडे आखूड वाक्य आहे.

आपल्याकडे अभंग संपला की टाळकरी नामाचा गजर करतात. तो अभंगाच्या वहीत लिहिलेला नसतो, पण म्हणण्याच्या रीतीत असतो. पुढे कोणी वही उतरवताना तो गजरही लिहून ठेवला तर नवल नाही. असेच इथे झाले असावे. कॅथलिकांच्या मिस्सेतही पुरोहिताच्या काही शब्दांनंतर लोक तेच स्तुतीचे वाक्य म्हणतात. म्हणजे एक जण पोथीला धरून थांबतो, दुसरा रीतीला धरून पुढे जातो. भांडण कुठेच नाही.

थोडक्यात

- ‘आमच्या’ पित्या: समोरचा म्हणजे देव, म्हणून ‘आपल्या’ नव्हे. अलीकडे सगळी माणसे.
- नाव: बापाचे नाव काढणे. पवित्र म्हणजे बियाण्यासारखे राखलेले.
- राज्य आणि इच्छा: मुलूख नव्हे, कारभाराची रीत, आणि ती इथे जमिनीवर.
- भाकर: एका दिवसापुरती, आणि सगळ्यांची.
- ऋण: कर्ज आणि पाप दोन्ही. पुढे सोडले तरच वाहते राहते.
- परीक्षा: कसोटी आणि मोह दोन्ही. मागणाऱ्याला आपली कमजोरी ठाऊक आहे.
- शेवटची स्तुती: जुन्या पोथ्यांत नाही, जुन्या रीतीत आहे.

पुन्हा अंगणात

दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. प्रार्थना संपते, लोक खाली बसतात, कोणी कोणाशी फार बोलत नाही. थोड्या वेळाने शेजारच्या घरांतून फडक्यात गुंडाळलेल्या भाकरींच्या दुरड्या येऊ लागतात. एकीत पिठले, एकीत तुरीचे वरण, एकीत मिरचीचा ठेचा. आणणाऱ्या बायकांत कोणी लिंगायत असते, कोणी मुसलमान, कोणी मराठा. त्यांतल्या बहुतेकींना ती प्रार्थना येत नाही. घरातल्या थोरल्या सुनेला त्या बळेच बसवतात आणि पहिला घास तिच्या हातात देतात.

अर्ध्या तासापूर्वी त्याच अंगणात आजची भाकर मागितलेली असते. ती या हातांनी येते. ‘आमच्या’ या शब्दात कोण कोण आहे हे व्याकरणाने मला उशिरा समजले. या बायकांना ते आधीपासून ठाऊक होते.